नवी अग्निशामक सोमवारी हजर होणार: केंद्रात समतेची तयारी कशी करावी

आस्थापना विभागाचं पत्र येतं. पुढच्या सोमवारी तुमच्या केंद्रात तीन महिला अग्निशामक रुजू होणार असतात. केंद्र अधिकारी पत्र वाचतो, चष्मा काढतो आणि विचारतो, ‘या झोपणार कुठं?’

प्रश्न रास्त आहे. अडचण एवढीच की बहुतेक ठिकाणी विचार तिथंच संपतो. वरच्या मजल्यावरची एक खोली रिकामी होते, दारावर ‘महिला कक्ष’ अशी पाटी लागते आणि समतेची फाइल बंद होते.

मी एका महापालिकेच्या अग्निशमन दलात नोकरी केली, शेवटची काही वर्षं केंद्र अधिकारी म्हणून. आमच्याकडे पहिल्या मुली आल्या तेव्हा मी केलेल्या चुकाही खाली येतीलच. हा लेख केंद्र अधिकारी आणि उपअधिकाऱ्यांसाठी आहे. धोरण मुख्यालयात ठरतं, पण आगीसमोर ब्रांच, म्हणजे होजच्या (पाण्याच्या नळीच्या) टोकाचं तोंड, कुणाच्या हातात द्यायची हे तुम्ही ठरवता. शिवाय अग्निशमन सेवा हा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतला, म्हणजे पालिकेच्या अखत्यारीतला विषय. आपल्या राज्यात प्रत्येक महापालिकेचं दल वेगळं, सेवानियम वेगळे. वरून कुणीतरी एकच परिपत्रक काढेल आणि सगळं जागेवर येईल, ही वाट पाहण्यात अर्थ नाही.

‘बायकांना हे जमेल का’ यावर इथं एक ओळही खर्च करणार नाही. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात हर्षिनी कान्हेकर २००२ साली दाखल झाल्या. तमिळनाडूने २००३ मध्ये महिलांना थेट अधिकारी म्हणून घेतलं. त्या प्रश्नाचं उत्तर देऊन झाल्याला वीस वर्षं उलटली.

आधी रात्रीची फेरी

एक वही घ्या आणि रात्री अकरानंतर स्वतःच्याच केंद्रात फिरा. दिवसा सगळी केंद्रं बरी दिसतात. दाराला आतून कडी आहे का? संडासाकडे जाताना पुरुषांच्या विश्रांतीच्या खोलीतून जावं लागतं का? बल्ब लागतो का? कपडे बदलायच्या जागेची खिडकी कुठं उघडते? सॅनिटरी पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का, आणि तो रिकामा करायचं काम कुणाकडे आहे? हे शेवटचं ठरलेलं नसेल तर तो डबा आठवड्याभरात दिसेनासा होतो.

मग घड्याळ लावा. विश्रांतीच्या खोलीतून गाडीपर्यंत पोचायला किती सेकंद लागतात ते पुरुषांच्या खोलीपासून मोजा आणि महिला कक्षापासूनही मोजा. माझी पहिली चूक इथंच झाली. मुलींना मी वरच्या मजल्यावरची सगळ्यात चांगली खोली दिली, पंखा नवा बसवला. घंटा झाली की पुरुष चार ढांगांत गाडीपाशी, आणि मुली जिना उतरून येईपर्यंत गाडी फाटकाबाहेर. महिन्याभरात केंद्रात बोललं जाऊ लागलं की पोरी ढिल्या आहेत. ढिला होता माझा नकाशा. खोली लहान चालेल, पण गाडीपासूनचं अंतर सारखं पाहिजे. जागा नसेल तर खालच्या भांडाराची खोली वर हलवा. भांडाराला टर्नआउट, म्हणजे घंटा झाली की गाडीकडे धावणं, नसतो.

लांबलेल्या आगीत आणखी एक गोष्ट होते. गोदामाची आग आठ-दहा तास चालते. पुरुष कडेला जाऊन येतात, बाई पाणी पिणंच टाळते, आणि उष्णतेत पाणी न पिता काम केलं की चक्कर येते. वर्दीच्या, म्हणजे मदतीसाठी बोलावणं आलेल्या, जागी पोचल्यावर आसपासची सोसायटी, शाळा किंवा पोलिस चौकीतलं स्वच्छतागृह कुठलं वापरता येईल हे विचारून ठेवायची जबाबदारी एकाला द्या. हायड्रंट शोधतो तसंच हेही शोधायचं.

अंगावरचं साहित्य

पुरुषांचा लहान साइज म्हणजे बाईचा साइज नव्हे. खांदा, कंबर, पाऊल, हाताचा पंजा, सगळ्यांची मापं वेगळी. हातमोजा मोठा असेल तर कपलिंगवरची, म्हणजे होजच्या जोडावरची, पकड सुटते. गमबूट मोठा असेल तर शिडीवर पाय घसरतो. ही शोभेची तक्रार नाही, अपघाताची आहे. आणि बारीक अंगाच्या पुरुषांनाही हीच अडचण असते, ते फक्त बोलत नाहीत.

खरेदीची मागणी पाठवताना ‘अग्निशामक बूट, ६० जोड’ असं लिहू नका. प्रत्येकाची मापं घेऊन साइजवार तक्ता जोडा आणि निविदेच्या अटीतच साइजवार पुरवठ्याचं कलम टाका. नाहीतर ठेकेदार आठ, नऊ आणि दहा नंबर आणून टाकतो आणि भांडारपाल मोजे दुप्पट घालायचा सल्ला देतो.

बीए सेटच्या, म्हणजे धुरात श्वास घेण्यासाठी पाठीवर बांधायच्या हवेच्या संचाच्या, मास्कचं पाहा. मास्क चेहऱ्यावर घट्ट बसला नाही तर सेट कितीही भारी असो, धूर आत येणार. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मास्क बसवून गळती तपासा आणि कुणाला कुठला साइज बसतो ते नोंदवा.

इथं दाढीचा विषय निघतोच. दाढी मास्कच्या कडेखाली आली की सील तुटतं. हे शास्त्र आहे, त्यात धर्म नाही. कुणी श्रद्धेने दाढी ठेवत असेल तर त्याच्याशी एकट्याने, आदराने बोला, मास्क लावून गळती त्याच्याच डोळ्यांसमोर दाखवा. पंपचालन, पाणीपुरवठा, शिडी, नियंत्रण कक्ष अशी बीए सेट न लागणारी कामं भरपूर असतात, त्यांतून मार्ग निघतो. पण नियम एकाला आणि दुसऱ्याला वेगळा नको. शौक म्हणून दाढी वाढवणाऱ्यालाही तीच अट. सगळ्यांसमोर परेडमध्ये ‘दाढी काढ’ म्हणून ओरडणारा अधिकारी सुरक्षिततेचं काम करत नसतो.

कामाची गरज कुठली आणि सवय कुठली

माझ्या मते हाच सगळ्याचा गाभा आहे. अग्निशमन सेवेत काही अटी कामातून आलेल्या असतात आणि काही आजोबांच्या काळापासून चालत आलेल्या. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

एक ताव घ्या. डावीकडे केंद्रातली कामं लिहा: होज पसरणं, ब्रांच धरणं, शिडी उभी करणं, बेशुद्ध माणूस ओढून काढणं, पंप चालवणं, धुरात शोध घेणं, वॉचरूम (वर्दी घेण्याची आणि नोंदवण्याची खोली) सांभाळणं. उजवीकडे लिहा की त्यासाठी शरीराकडून आणि डोक्याकडून नेमकं काय लागतं. लिहायला बसलं की गंमत कळते. ६३ मिलिमीटरच्या १५ मीटर होजमध्ये पाणी भरलं की नुसत्या पाण्याचंच वजन ४५ किलोच्या पुढं जातं. भरलेली होज एकटा पहिलवानही नीट ओढू शकत नाही, म्हणूनच तिला दोघं-तिघं लागतात. ताकद लागतेच, पण ती संघाची आणि तंत्राची. बेशुद्ध माणूस खांद्यावर टाकण्यापेक्षा बगलेखालून पट्टा घालून जमिनीलगत ओढणं सोपं असतं, आणि धूर वर साठत असल्याने सुरक्षितही.

आता उंची घ्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईत दहिसरला अग्निशामक भरतीच्या वेळी महिला उमेदवारांनी उंचीच्या मोजणीवरून आंदोलन केलं. किमान अट १६२ सेंटिमीटर होती, आणि उंची पुरेशी असूनही बाद केल्याचं मुलींचं म्हणणं होतं. मोजणी बरोबर की चूक हा वाद बाजूला ठेवू. भारतीय स्त्रीची सरासरी उंची साधारण १५२ सेंटिमीटर आहे. म्हणजे अट सरासरीच्या दहा सेंटिमीटर वर. ती कशासाठी हवी याचं कामातून उत्तर असेल तर ठेवा. गाडीच्या वरच्या कप्प्यातून साहित्य काढता यावं म्हणून असेल तर उमेदवाराला ते साहित्यच काढायला लावा. मोजायचं ते काम मोजा.

हे नियम बदलणं तुमच्या हातात नसेल, पण अभिप्राय देणं आहे. आणि भरतीच्या मैदानावर तुमची नेमणूक झाली तर एवढं तरी करा: मोजणीचं यंत्र उमेदवारासमोर तपासा, आकडा मोठ्याने वाचा, तिची सही घ्या, हरकत असेल तर तिथल्या तिथं दुसऱ्या यंत्रावर फेरमोजणी. अर्ध्या तक्रारी जागेवर मिटतात.

जाहिरात निघाली की जवळच्या महाविद्यालयांत, व्यायामशाळांत, कबड्डीच्या मैदानांवर जाऊन बोला. महिलांचं ३० टक्के समांतर आरक्षण कागदावर असतं, पण पात्र मुली मिळाल्या नाहीत तर त्या जागा त्याच प्रवर्गातल्या पुरुषांना जातात. मुली आल्याच नाहीत, असं निकालानंतर म्हणणं सोपं असतं.

वॉचरूमचा सापळा

माझी दुसरी चूक चांगल्या हेतूने झाली होती. ‘पोरींना त्रास नको’ म्हणून मी त्यांना वॉचरूमची ड्यूटी दिली. आवाज स्पष्ट, नोंदी नेटक्या, सगळे खूश. दीड वर्षाने त्यातली एक समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, ‘साहेब, माझ्याबरोबर लागलेल्या मुलांच्या नावावर चाळीसेक आगी आहेत. माझ्या नावावर चार. उद्या लीडिंग फायरमनच्या यादीत मला कोण विचारणार?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून मी एक पद्धत लावली, तिला एक रुपयाही लागत नाही. वर्दी नोंदवहीत गाडीवर कोण गेलं हे असतंच. त्याला दोन रकाने जोडा: ब्रांचवर कोण होतं आणि बीए सेट लावून आत कोण गेलं. महिन्याच्या शेवटी प्रत्येक नावापुढे बेरीज मारा आणि तक्ता सूचनाफलकावर लावा. पहिल्याच महिन्यात दिसेल की ठरावीक पाच-सहा माणसंच आत जातात आणि बाकीचे बाहेर होज गुंडाळतात. त्या बाकीच्यांत महिला असतील, नवखे असतील, साहेबांशी न जमणारा एखादा जुना माणूसही असेल.

तक्ता लागला की पाळीप्रमुखाला सांगा, पुढच्या महिन्यात लहान वर्द्यांना, म्हणजे कचऱ्याची आग, मीटर बॉक्स, झाड पडणं, अशा ठिकाणी मागे राहिलेल्यांना पुढं घ्यायचं. मोठ्या आगीत प्रयोग करू नका. तिथं अनुभवी जोडीदाराच्या मागं दुसरा माणूस म्हणून नव्याला पाठवा. यंत्रचालकाच्या प्रशिक्षणाला कुणाला पाठवलं, कोर्सला कुणाची शिफारस केली, हेही त्याच तक्त्यात येऊ द्या. ‘मी भेदभाव करत नाही’ हे आम्ही सगळेच म्हणतो. वही काय म्हणते ते पाहा.

गरोदरपणात मात्र कामाचं स्वरूप बदलावंच लागतं, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि उष्णता गर्भाला घातक. तिने कळवताच नियंत्रण कक्ष, जनजागृती किंवा ना-हरकत दाखल्यांच्या तपासणीचं काम द्या, आणि हा काळ बढतीच्या वेळी ‘प्रत्यक्ष अनुभव कमी’ म्हणून मोजला जाणार नाही असं लेखी घ्या. ठेकेदारामार्फत आलेल्या महिलांच्या बाबतीत ‘त्या आमच्या नाहीत’ हे उत्तर फार ऐकलंय. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या रोजंदार महिलांना प्रसूतीचे लाभ मिळाले पाहिजेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच दिला आहे. कंत्राटी माणसाला बूट, हेल्मेट आणि विमा कायम माणसासारखाच आहे की नाही, हेही त्या निमित्ताने तपासा. आग नेमणुकीचा आदेश वाचत नाही.

जात, डबा आणि विहीर

समतेचा विषय निघाला की सगळे महिलांबद्दल बोलतात. जातीबद्दल बोलायची वेळ आली की केंद्रात एकदम शांतता पसरते. ‘आमच्याकडे तसलं काही नाही.’ असतं. फक्त ते आवाज करत नाही.

कुठं पाहायचं ते सांगतो. विहिरीतून किंवा नदीतून कुजलेला मृतदेह काढायची वर्दी येते तेव्हा तुम्ही कुणाकडे बघता? सहा महिन्यांच्या अशा वर्द्या काढा आणि खाली उतरलेल्यांची नावं लिहा. दोन-तीनच नावं पुन्हा पुन्हा आली आणि त्यांची आडनावं एकाच प्रकारची निघाली, तर तुम्हाला उत्तर मिळालं. मॅनहोलमध्ये अडकलेल्याला काढण्याचंही तसंच. यावर भाषण नको, पाळी लावा. यादीतला पुढचा माणूस उतरेल, अधिकाऱ्यांसकट. पहिल्या वेळी मी स्वतः उतरलो. दोन दिवस जेवण गेलं नाही, पण नंतर यादीबद्दल कुणी हूं की चूं केलं नाही.

मग डबे. एकत्र बसून खातात का, की कोपरे ठरलेले आहेत? नवा माणूस आला की गाव विचारतात, मग आडनाव, मग ‘म्हणजे कुठले?’ हा तिसरा प्रश्न तोडायचं काम अधिकाऱ्याचं. ‘कोट्यातला’ हा शब्द थट्टेत वापरला गेला तर त्याच क्षणी थांबवा, नंतर बोलावून समजावणं पुरत नाही, कारण बाकीच्यांनी तुमचं गप्प राहणं ऐकलेलं असतं.

१४ एप्रिलची तारीख दरवर्षी पेच घेऊन येते. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशामक शहीद झाले, म्हणून तो अग्निशमन सेवा दिन. तीच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती. सकाळी परेड, दिवसभर प्रात्यक्षिकं, संध्याकाळी मिरवणुकीच्या मार्गावर गाडी उभी. ज्याला जयंतीला कुटुंबाबरोबर जायचंय त्याने रजा मागितली की त्याला शहिदांबद्दल आदर नाही असं कुजबुजलं जातं. महिनाभर आधी बसून पाळ्या ठरवल्या तर दोन्ही होतं. परेडनंतर प्रतिमेला पुष्पहार तिथंच, सगळ्यांनी मिळून, आणि ज्यांना दुपारनंतर जायचंय त्यांच्या जागी इतर. त्या बदल्यात दिवाळीला, ईदला, नाताळला अदलाबदल. खंडेनवमीला गाडीची पूजा होते तेव्हा नारळ कोण फोडतो हेही पाहा. दरवर्षी एकच हात असेल तर यंदा गाडी चालवणाऱ्याच्या हाती द्या, मग तो किंवा ती कुणी का असेना.

जखमी झालेला माणूस

छत कोसळून पाय गेला, कानाचा पडदा फाटला, फुप्फुसं कामातून गेली. अशा माणसाला आपल्याकडे ‘आता घरी बस’ असं गोड शब्दांत सांगितलं जातं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं कलम २० वाचून ठेवा. सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. आधीचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद, आणि तसं पद रिकामं नसेल तर अधिसंख्य, म्हणजे जादा, पद निर्माण करून सामावून घ्यायचं. पत्रात कलमाचा उल्लेख करा, फाइल लवकर हलते. नियंत्रण कक्ष, प्रशिक्षण आणि इमारत तपासणी इथं अशा माणसाचा अनुभव सोन्यासारखा असतो.

मनाचं दुखणं मात्र कुठल्या प्रमाणपत्रावर येत नाही. लहान मुलाचा जळालेला देह बाहेर काढल्यावर माणूस रात्री झोपत नाही, आणि केंद्रात त्याला ‘पाणी प्यायला हवं का’ म्हणून चिडवतात. अशा वर्दीनंतर पाळी सुटायच्या आधी सगळ्यांना चहाला एकत्र बसवा आणि पहिल्यांदा अधिकाऱ्याने स्वतःचं बोलावं. पुरुषांना बोलायची परवानगी मिळाली की महिलांनाही ‘रडूबाई’ ठरायची भीती उरत नाही.

तक्रार आली तर

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती बंधनकारक केली. अध्यक्ष ज्येष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य आणि बाहेरचा एक सदस्य. कार्यालयं वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर प्रत्येक ठिकाणी समिती हवी. तुमच्या केंद्राला कुठली समिती लागू आहे, सदस्य कोण, हे नावांसह महिला कक्षात आणि वॉचरूममध्ये लावा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते, कारण पटल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत पुरी करायची.

आपल्या सेवेतली खरी मेख पुढं आहे. तक्रारदार आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो एकाच गाडीवर, एकाच पाळीत. अधिकारी ‘शांतता राहावी’ म्हणून पहिल्यांदा बाईचीच बदली करतो. सगळ्या केंद्राला त्यातून एकच निरोप जातो. चौकशी चालू असताना तक्रारदाराने लेखी मागितलं तर समिती दोघांपैकी कुणाचीही बदली सुचवू शकते, किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत रजा द्यावी असं सुचवू शकते. तोवर पाळी बदलायची तर आधी त्याची बदला, निदान तिला विचारून बदला. आणि ‘मी बोलतो त्याच्याशी’ म्हणून तक्रार स्वतःच्या टेबलावर मिटवायला जाऊ नका. तुमचं काम तिला समितीपर्यंत पोचवणं.

तृतीयपंथी उमेदवारांसाठी २०१९ चा वेगळा कायदा आहे. त्यात नोकरीतला भेदभाव मना केला आहे आणि आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमायचा आहे. तुमच्याकडे अजून कुणी आलं नसेल. तरी अर्जाच्या नमुन्यातला रकाना, हजेरीला नाव कुठलं घ्यायचं आणि कुठली खोली वापरायची, हे ती व्यक्ती दारात उभी असताना ठरवायला लागलात तर तिची परेड होते. आज ठरवा, कुणी आलं की तिलाच विचारून पक्कं करा.

शब्द

ब्रिटनमध्ये ‘फायरमन’ऐवजी ‘फायरफायटर’ म्हणावं यावर बरंच भांडण झालं. आपल्या मराठीला ‘अग्निशामक’ हा शब्द आधीच मिळालाय, त्यात पुरुषही नाही आणि बाईही नाही. तो आला किंवा ती आली, एवढंच. तरी हजेरीपटावर ‘फायरमन (महिला)’ असं छापून येतं, ते खोडून नीट लिहायला पाच मिनिटं लागतात. गाडीवर मात्र सगळ्यांना ‘तू’ म्हणत असाल तर मुलींना ‘मॅडम’ म्हणू नका. मान द्यायच्या नावाखाली ते त्यांना संघाबाहेर उभं करणं असतं. पाळीत जे चालतं तेच.

सोमवारची सकाळ

स्वागताचा गुच्छ, फोटो आणि स्थानिक वृत्तपत्राचा वार्ताहर, हे सगळं टाळा. तीन जणींना पहिल्याच दिवशी पोस्टर केलंत तर बाकीचे चाळीस जण त्यांना पोस्टर म्हणूनच बघतील. हजेरी नेहमीसारखी घ्या. मापाचे बूट आणि हेल्मेट नाव घालून खुंटीवर तयार ठेवा. पहिलं ड्रिल होजचं लावा, तिघींना तीन वेगळ्या गटांत टाका, आणि प्रत्येक गटाला आळीपाळीने ब्रांच मिळेल असं पाहा. ड्रिल संपलं की नोंदवहीतले दोन रकाने भरा, तारीख टाका.